रोज एक, दुखायच्या आधी

६ ऑक्टोबर, सोमवार

मी उठायच्या आधीच डोकं उठून बसलेलं. डाव्या कानशिलापासून थेट मानेपर्यंत. तपकिरी गोळी घेतली – कोकोचा वास येतो तिला. अकराला आणखी एक. चारला तिसरी.

थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. डोक्यात गाठ निघाली, सात महिन्यांत गेला. बायकोला म्हटलं, "बातीश, माझ्याही डोक्यात गाठ आहे." ती कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, गाठीला आत जागा लागते. तुमच्या डोक्यात काळज्याच मावत नाहीत." बेचाळीस वर्षं हिचं हे असंच.

७ ऑक्टोबर

तीन गोळ्या. वारा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उलकानआक्काकडे जाऊन आलो, खिंडीपलीकडच्या गावात. दर गुरुवारी जातो. बहिणीच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं. साखर नेतो आणि गोळ्यांची दोन पाकिटं. चार वर्षांपूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा मीच शिकवलं होतं – रोज एक घे, दुखायच्या आधीच. अजून दुखतं म्हणते बिचारी.

मला विचारलं, "आणि तू बरा आहेस ना रे?" म्हटलं, मला काय होतंय. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला घोर कशाला लावायचा? परतताना खिंडीत घोडा थांबवला आणि गोळी कोरडीच चावून खाल्ली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मुलगा नुरदोलोत जबरदस्तीने तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण कोवळी पोर, आयपेरी नाव. डोक्याचा फोटो काढला, निकाल परवा. तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली.

"बाबा, दिवसाला किती गोळ्या?"

"एक-दोन."

"नीट आठवून सांगा."

सांगितलं – तीन, कधी चार. सहा वर्षं. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नाही, नुरदोलोतकडे बघितलं. त्याला बाहेर नेऊन काहीतरी बोलली. डॉक्टर रोग्याला सोडून मुलाशी बोलतो, याचा अर्थ समजायला मला सहावीच्या पुढे शिकावं लागलं नाही. गाडीत त्याला विचारलं. "काही नाही, बाबा."

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

दुपारी खिडकीतून पाहिलं – गावातले चार म्हातारे, उंच पांढऱ्या टोप्या घालून, एकामागून एक, सावकाश आमच्या दाराकडे येताहेत. पुढे मामबेतालीदादा. सगळ्यांत मागे नुरदोलोत, मान खाली.

मृत्यूची बातमी आपल्यात कुणी एकटा सांगत नाही. वडीलधारे मिळून येतात, बसतात, आधी गवतापाण्याचं बोलतात. मी स्वतः किती घरी असा गेलोय. म्हणजे गाठच. बातीशने मुकाट्याने चहा ओतला. हिने तोंड मिटलं म्हणजे सगळं संपलंच.

मामबेतालीदादा यंदाच्या बर्फाविषयी बोलला. मग आपल्या गाईविषयी – बराच वेळ. मग चहाची वाटी खाली ठेवून म्हणाला, "जुमाकादिर, तू समजूतदार माणूस आहेस. समोर येईल ते सोसावं लागतं. धीर धर."

मी विचारलं, "किती महिने?"

"कसले महिने?"

"माझे."

तो नुरदोलोतकडे वळला. "अरे, बापाला काहीच सांगितलं नाहीस? गाठ नाही रे बाबा. फोटो स्वच्छ आहे. तुझं डोकं गोळ्यांनी दुखतंय."

मला काही उमगेना. त्याने पुन्हा सांगितलं, शाळेतल्या पोरासारखं पाठ केलेलं. महिन्यातून दहा दिवसांच्या वर ही गोळी घेतली की गोळीच डोकं दुखवते. दुखलं की माणूस आणखी एक घेतो. सगळ्या बंद करायच्या. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट जातील, जास्त झालं तर डॉक्टरणीकडे जायचं.

"मग मयताला आल्यासारखे का आलात?"

"तुझा पोरगा म्हणाला, बापाला तुमचं चुकलं असं मी कसं सांगू, तुम्ही सांगा. जड गोष्ट सांगायची आम्हाला ही एकच रीत येते."

बातीश डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरून हसत होती. मग हसता हसता रडायला लागली.

सगळे जेवून गेले. मी तिथेच बसून राहिलो. सहा वर्षं. जिला औषध समजलो तिनेच मला झोडपलं!

आणि मग एकदम लक्षात आलं – आक्का.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आक्काकडे जायला हवं होतं. गेलो नाही. काय सांगू? फोनवर तिला ऐकू येत नाही. आज गोळी नाही.

१८ ऑक्टोबर

उलट्या. बातीशने खिडकीला लोकरी नमद्याची जाड घडी लावली, तरी उजेड टोचतो. म्हटलं, अर्धी तरी दे. "शिव्या द्या, ऐकून घेते. गोळ्या चुलीत गेल्या." मी शिव्या दिल्या. तिने ऐकून घेतल्या.

२० ऑक्टोबर

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी ही गत, मग एक्क्याऐंशीव्या वर्षी आक्काला हे झेपेल? सोड म्हणावं तर हे हाल. सांगू नये, तर मी तिचं डोकं जन्मभर दुखत ठेवणार. पाकिटं मी नेली. रोज घे म्हणून मीच सांगितलं. ती हातात घ्यायची तेव्हा मला आशीर्वाद द्यायची.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो नाही. बातीश म्हणाली, "आज बसताय, चालताय. डोक्याची सबब संपत आली. पुढच्या गुरुवारी काय सांगाल?"

२७ ऑक्टोबर, सोमवार

जाग आली. काहीतरी नाहीसं झालंय असं वाटलं. घरातली वस्तू हरवल्यासारखं. बऱ्याच वेळाने कळलं, डोकं दुखत नाही. तसाच पडून राहिलो, हललो तर परत येईल म्हणून. कोंबडा ओरडला, दूध उतू गेलं, बातीश कुणावर तरी ओरडली, आणि नुसते आवाज ऐकू आले. कुठे काही ठणकलं नाही.

एवढं सोपं होतं?

आक्काचे असे दिवस मी खाल्ले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. फक्त साखर नेली. बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं – गोळ्या, सहा वर्षं, उलट्या. "आक्का, मी तुला विष चारलं." आक्का म्हणाली, आमच्या नर्सबाईने पहिल्याच वर्षी सोडायला लावल्या, डोकं तेव्हाच थांबलं. मी विचारलं, मग दर गुरुवारी 'दुखतं' असं का म्हणायचीस? "बऱ्या माणसाला भेटायला खिंड ओलांडून कोण येतं?" आणि गोळ्यांनीच डोकं दुखतं, हे मला का नाही सांगितलंस? तिने चहाची वाटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "तुझं डोकं दुखायचं, हे तू मला आज सांगतोयस."