गढीच्या दगडाला शेंदूर

१ जानेवारी १९६३, चिखली
संकल्प. एक : बिडी बंद. दोन : पहाटे उठणे. तीन : धाड गावाकडच्या त्या जुन्या गढीचा इतिहास लिहिणे. इतिहासाचा मास्तर रंगराव स्टाफरूममध्ये सर्वांदेखत म्हणाला, ड्रॉइंग मास्तरांनी फुलदाण्या काढाव्यात. ताबडतोब वाचनालयात जाऊन सव्वीस तारखेचं माझं व्याख्यान जाहीर करून आलो. गढी अजून पाहिलेली नाही. पाहता येईल.

६ जानेवारी, रविवार
धाडपर्यंत एसटी, पुढे चार मैल पायी. गढीचा एक बुरूज उभा. दुसरा गावकऱ्यांनी आपापल्या गोठ्यांत नेऊन बसवला आहे. दरवाज्याशी मात्र कोरीव अक्षरांचा दगड! सात ओळी. रंगराव संपला.
ठसा घ्यायला कागद नेला नव्हता. बायकोने, पुष्पाने, दोनदा आठवण करून दिली होती, त्यामुळेच राहिला. तोवर हाही दगड गोठ्यात गेला तर? युक्ती सुचली. गावातल्या दुकानातून शेंदूर-तेल आणून दगडाच्या कोपऱ्याला फासलं. देवाला कोण हात लावतो? लोकमानस ओळखायला डिग्री लागत नाही. बिडी एक, शोधाच्या आनंदात.

१३ जानेवारी, सकाळी ९
पहाटेची एसटी पहाटे सुटली. संकल्प दोनमध्ये दुरुस्ती : उजाडल्यावर उठणे.

२० जानेवारी, रविवार
दगड जागेवर. युक्ती यशस्वी. जरा जास्तच. बोटभर जाड शेंदूर, वर चांदीचे डोळे. अक्षर एक दिसेना. चाकूने थोडं खरवडलं, तोच शेजारच्या झोपडीतल्या मंजुळाबाईने मनगट धरलं.
"देवाले खरवडून राह्यले काय मास्तर?"
खरं सांगून टाकलं, बाई, पहिला शेंदूर मीच लावला. तिने मलाच हात जोडले.
"मंग तं देवानंच तुमच्या हातून लावून घेतला."
तिची हरवलेली म्हैस तिसऱ्या दिवशी परत आली म्हणे. माझ्याकडे म्हशीच्या तोडीचा पुरावा नव्हता. निघताना नारळ फोडला. केवळ संबंध टिकावेत म्हणून.

२४ जानेवारी
शिलालेखाचा मजकूर अंदाजाने लिहून काढला. सहा ओळी जमल्या. रंगरावाने विचारलं, शतक कोणतं? म्हटलं, शनिवारी कळेल. आता बिड्या मोजत नाही.

२६ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ७
श्रोते : वाचनालयाचे अध्यक्ष उत्तमराव आणि शिपाई. पैकी उत्तमराव झोपले. बाकी चिखली दुपारीच ट्रक भरभरून गढीवर गेली. तिथे आज देवाचं, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण. रंगरावही गेला. आमची पुष्पाही.

त्याच दिवशी, ८
पुष्पा रोडगे आणि वांग्याची भाजी बांधून घेऊन आली. सांगत होती, रंगरावांनी तिथे देवाचा सातशे वर्षांचा इतिहास सांगितला, बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "तुम्ही काऊन नाही आले? लई जागृत देव हाये."
दोन रोडगे खाल्ले. भाजी उत्तम. हात धुताना पाहिलं, नखांत अजून शेंदूर आहे.