आधी स्वतःचं भलं

सगाईंगच्या टेकडीवरच्या ध्यानकेंद्रातून

आमच्या खोकलूबाई धाकट्या नुए,

नाही गं, गुडघे ठीक आहेत. जेवणही चांगलं मिळतं. वैताग आलाय तो मैत्रीभावनेचा! डोळे मिटून आधी म्हणायचं, ‘माझं भलं होवो.’ मग इतरांचं. दहा दिवस मी स्वतःला गाळून थेट तुझ्यापासून सुरू करत होते, मग तुझ्या कोंबड्या.

आज गुरुजींनी, आमच्या सयाडोंनी, रोजच्या विचारपुशीत पकडलं. “योगीणबाई, कोंबडीपेक्षाही कमी समजता का स्वतःला?”

“कोंबडी अंडी तरी देते,” मी म्हटलं. ते हसले आणि मला पुन्हा ध्यानाला बसवलं.

जमतच नाही गं. खोकल्याचा काढा घेतेस ना?

तुला खोटं सांगितलं होतं मी. तुझे भावजी गेले तेव्हा मी उशाशी नव्हते. भांडून बाजारात जाऊन बसले होते.

तुझी ताई