छपरावरचं एरियल

मास्तर,

आज डोंबिवलीत एका घरी टेलिव्हिजन बसवून आलो. गच्चीवरून खाली उतरलो तर घरातली मुलगी म्हणाली, "काका, अँटेना नीट लागला ना?" मी "हो" म्हणालो आणि चहा न घेताच निघालो. तुमच्या दुकानात तो शब्द बोलायची सोय नव्हती. तिथे एरियलच म्हणायचं. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, आणि त्या एरियलबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो होतो, ते अजून तसंच राहिलं आहे.

गावच्या शाळेतून सातवी होऊन मी कल्याणला तुमच्याकडे रेडिओ दुरुस्तीला लागलो, तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. तुम्ही लढाईत गोऱ्या सार्जंटच्या हाताखाली काम शिकलेले, म्हणून तुमचे शब्द विलायती. पण छावणीच्या लिलावात मिळालेले रेडिओ अमेरिकन, त्यांच्या आतल्या जोडणीच्या नकाशांवर सगळी नावं निराळी. म्हणून तुम्ही एक वही केली होती. डावीकडे विलायती शब्द, उजवीकडे अमेरिकन, मध्ये आपल्या भाषेत अर्थ. सकाळी उदबत्ती लावून झाली, की सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत माझी परीक्षा. "ट्यूब?" "व्हॉल्व्ह." "ग्राउंड?" "अर्थ." "आणि व्हर्टिकल होल्ड?" इथे मी अडकतो. "फ्रेम होल्ड, अरे! चित्र वर-खाली पळायला लागलं की त्याला धरून ठेवणारी कळ." टेलिव्हिजन तुम्ही पाहिला नव्हता, मीही नाही. देशातच आला नव्हता. तरी त्याच्या शब्दांनी अर्धी वही भरली होती. "मुंबईत येईल तेव्हा आपली पोरं शब्दांपाशी अडायला नकोत," असं तुम्ही म्हणायचात.

मग एका विलायती पुस्तकातली आकृती बघून तुम्ही एरियल केलंत. पितळी नळ्यांचं, इंग्रजी एच अक्षरासारखं, पुरुषभर उंच. कौलांवर बांबूला दोरीने बांधून उभं केलंत. हवेत त्याने पकडण्यासारखं काहीच नव्हतं. समोरचा शिंपी रोज विचारायचा, "काय मास्तर, विलायतेची राणी दिसली का?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "अजून नाही रे. तुझ्याकडे माप द्यायला येईल, तेव्हा मलाही बोलाव."

त्याच सुमारास माझं लग्न जमत होतं. मुलीचे मामा ठाण्याला, टेंभी नाक्यापाशी राहायचे. मुलगा कुठे काम करतो ते बघायला ते येणार होते. आदल्या दिवशी शिंपी मला म्हणाला, "मामांना सांग हो, वरती कावळ्यांना झोपाळा बांधलाय!" दुकानासमोरची माणसं हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एक रेडिओ पोचवायला शहाडला गेलात आणि मी सुरी घेऊन कौलांवर चढलो. दोऱ्या कापल्या. उतरवताना एक नळी वाकली. मामा आले, चहा प्यायले, रेडिओवरचं भजन ऐकलं आणि खूश होऊन गेले.

दुपारी तुम्ही परत येता. वर बघता. मी म्हणतो, "वाऱ्यानं पडलं, मास्तर." त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. दोरीचं कापलेलं टोक अंगठ्याने चाचपता, मग माझ्याकडे बघता. मला कळतं, की तुम्हाला कळलं आहे. तेवढ्यात शिंपी ओरडतो, "मास्तर, झोपाळा कुठे गेला?" तुम्ही त्याला सांगता, "पडला. माझीच बांधणी कच्ची."

एरियल पुन्हा उभं राहिलं नाही. सकाळची परीक्षा चालू राहिली, पण टेलिव्हिजनची पानं तुम्ही उघडली नाहीत. माझ्या लग्नात पंगतीत आग्रह करत तुम्हीच फिरलात. वर्षभराने छातीच्या दुखण्याने गेलात. मी शेवटपर्यंत पायाशी बसून होतो, तरी ते सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो. आई-वडिलांनंतर तुमचं नाव घेतो. देवाला सांगून केव्हाच झालं, पण एरियल देवाचं नव्हतं. हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी मी ते टाकलं असतं, अशी खात्री देत नाही. कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. तुम्ही दोष स्वतःवर घेतलात, तेव्हा मला लाज वाटली नव्हती, मास्तर. सुटलो, असं वाटलं होतं.