सीटचं नाक

फणसवाडी, मुंबई २
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

ती. रमाकांतदादास,

कालिंदीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. अप्पांचा खोकला कमी आहे. वहिनीला आठवण सांग. झाले सोपस्कार.

तुझं पत्र पोचलं. येत्या रविवारी तुझ्या साहेबांचा पुतण्या वडिलांना घेऊन मला पुन्हा बघायला येणार. त्याआधी मी सायकल विकायची आणि हात धड असल्याचा डॉक्टरचा दाखला आणून ठेवायचा. वा रे वा! दादरला बिऱ्हाड केलंस म्हणून आमचा लाटसाहेब झालास होय?

सायकल विकणार नाही. लग्न झाल्यावर तूच ती जिन्याखाली गंजत टाकली होतीस. मी पुसून उभी केली. आईची जुनी नऊवारी कासोटा घालून नेसते, परळच्या शाळेत वेळेवर शिकवायला पोचते, आणि येताना डिलाईल रोडला समितीच्या निवडणुकीच्या चिठ्ठ्या वाटते.

हातांना मुंग्या येत होत्या, हे खरं. वर्गात खडू धरवत नव्हता. पण कुणामुळे? "बाईमाणसाच्या सीटचं नाक असं वर बरं दिसत नाही," म्हणत तूच पाना घेऊन ते खाली वाकवून गेलास. लोक काय म्हणतील! मग मी सारखी पुढे घसरायची आणि सगळा भार मनगटांवर. आधी मला वाटलं, त्या वाकड्या हँडलचाच दोष. त्याला चिंध्या गुंडाळून पाहिल्या, उपयोग शून्य. एकदा हात जरा सैल सोडले तर अंगच पुढे गेलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अप्पांनी सायकल धरली. मी सीट सपाट केली, हँडल दोन बोटं वर घेतलं, कोपरं ताठ न ठेवता चालवायला लागले. मुंग्या गेल्या. शेजारच्या मीराबाई बघत होत्या. म्हणाल्या, "तुझो भाऊस दीडशहाणोच गो!"

हे संक्रांतीच्या आधीचं. पाहुणे आले संक्रांतीनंतर. कळतंय का काही?

पोह्यांचा ट्रे मुलाच्या वडिलांच्या धोतरावर पालथा झाला, तेव्हा तू घाईघाईनं म्हणालास, "सायकलीनं हात बधिर होतात हो तिचे!" अप्पा ओशाळून गेले होते, म्हणून मी गप्प बसले. पण त्याच्या आधी काय बोलणं झालं होतं? त्यांनी विचारलं, "नोकरी, सायकल, हे लग्नानंतर सुटेल ना?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "सुटलंच समजा." मी समोर उभी होते रे! साहेबांची मर्जी राखायला बहीण देऊन टाकायची? असा संताप आला, दादा. अजून गेलेला नाही.

दाखला कशाला हवा? माझे हात तेव्हाही ठणठणीत होते. ट्रे मी मुद्दाम सोडला.

हे सगळं तुझ्या साहेबांनाही लिहून कळवलं आहे. ते पाकीट काल टाकलं, तुझं आज टाकते आहे. तेव्हा रविवारी पाहुणे यायचे नाहीत. तू मात्र ये. भांडायला ये, पण पाना आणू नकोस.

अजून तरी तुझीच बहीण,
कालिंदी