कानबाईचं शूटिंग

मेघाचे पप्पा,

धुळ्याला तीन चकरा मारून तुम्ही हाच कॅमेरा निवडलात. का, तर कपाळावरचा घामसुद्धा स्पष्ट दिसतो. आपल्या घरच्या कानबाईच्या सणाचं कालचं शूटिंग मी आत्ता बसून पाहिलं. दोन तासांत तुमचे चारही भाऊ आहेत, दारातली नवी गाडी आहे. पहाटेपासून देवीच्या नैवेद्याचे रोट करत बसलेली मी एकदाच दिसते, आणि तेव्हाही तुम्ही ओरडताय, "कोकिळा, सरक, मधे येतेस!"

मी शिरपूरला आईकडे चाललेय. जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.

संध्याकाळी तुमचे भाऊबंद शूटिंग बघायला येतील. कॅमेरा टीव्हीला जोडून ठेवलाय. रिमोट मेघाकडे आहे. तिला सांगून ठेवलंय, तेवढ्या वाक्याला आवाज वाढव.

कोकिळा