सात थेंब, रोज सकाळी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ताईने बळेच दिलेली छत्री, एवढा संसार घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत उतरले. खोली भलतीच आवडली. पूर्वेला खिडकी, भिंतीत कपाट आणि नळाला चक्क दिवसभर पाणी. खालचे दोन मजले प्रयोगशाळा. म्हणजे कामावर जायचं तर चौतीस पायऱ्या उतरायच्या, की झालं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आता उशिरा पोचायला नवं कारण शोध.

माणसं मोजकीच. प्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणतात. उंच, हळू बोलणारे, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पापणीही न हलवणारे. स्टोअरवाले काका रसायनांच्या बाटल्या सांभाळतात आणि प्रत्येक बाटलीवर सासूसारखे करवादतात. बाकी पाच-सहा जण आपापल्या टेबलाशी मान खाली घालून.

दुपारी डॉक्टरी तपासणी झाली. सरांनी स्वतः रक्त घेतलं आणि दंडावर एक सुई टोचली. विषाणूंजवळ काम करायचं, तेव्हा खबरदारी म्हणून, असं म्हणाले. फॉर्म भरताना घरी कोण कोण, तेही विचारलं. ताई, दाजी आणि चार वर्षांची भाची चिमणी, एवढंच माझं गणगोत. चिमणीचं वय त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. लेकरांची आवड दिसते.

५ तारीख, बुधवार

काम समजलं. इथे एका संयुगावर संशोधन चालतं. त्याला नाव नाही, नुसता नंबर, सत्तेचाळीस. सरांनी फार सोपं करून सांगितलं. विषाणू आपल्या पेशीत घुसतो आणि स्वतःच्या डीएनएच्या नकला काढत सुटतो, माळेत मणी ओवावेत तसा. सत्तेचाळीस हा दिसायला हुबेहूब तसलाच मणी, पण त्याला पुढे भोक नाही. विषाणू फसतो, तो ओवतो, आणि माळ तिथेच थांबते. नक्कल अर्धवट. मी टाळी वाजवायचीच बाकी होती.

माझं काम नमुन्यांत सत्तेचाळीस किती आहे ते मोजायचं. नमुना यंत्रात घातला की कागदावर रेघ सरकते आणि बरोबर सहा मिनिटं दहा सेकंदांनी एक टोकदार डोंगर उठतो. तो डोंगर म्हणजे सत्तेचाळीस.

सकाळी नऊला सगळ्यांना छोट्या पेल्यात पाणी मिळतं, त्यात सात थेंब. ताकदीचं औषध म्हणे. कडूजहर! सर समोर उभे राहतात आणि घोट गिळल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. शाळेत जंताचं औषध द्यायचे, त्याची आठवण झाली.

९ तारीख, रविवार

सुट्टी. उशिरा उठायचा बेत होता, तर नऊच्या ठोक्याला दारावर टकटक. काका पेला घेऊन दोन मजले चढून आले होते, धापा टाकत. मी म्हटलं, आज रविवार ना? तर म्हणाले, शरीराला कसला आलाय रविवार. पेला रिकामा होईपर्यंत दारातून हलले नाहीत. गेले तेव्हा माझ्याकडे न बघता गेले.

कौतुक म्हणायचं की पाळत?

१३ तारीख, गुरुवार

माझ्या टेबलाच्या खणात मागे सरकलेली एक केसांची पिन सापडली आणि अर्धं संपलेलं हातांचं मलम. माझ्याआधी इथे एक मुलगी होती. ती कुठे गेली, म्हणून सहज विचारलं. शेजारचा म्हणाला, लग्न करून गेली. काचसामान धुणारी बाई म्हणाली, आजारी पडून घरी गेली. जिन्यात तिसऱ्याने सांगितलं, परदेशी गेली. एकाच बाईची तिघांनी तीन ठिकाणी पाठवणी केली.

काकांना विचारलं तर त्यांनी स्टोअरचं दार माझ्या तोंडावर लावलं. रागाने नव्हे. हळूच.

मनात पाल चुकचुकते आहे.

१७ तारीख, सोमवार

सकाळी पेल्याच्या तळाशी एक थेंब मुद्दाम ठेवला. दुपारी सर जेवायला गेल्यावर तो पातळ करून यंत्रात घातला. स्टुलावर बसून राहिले. चार मिनिटं, पाच मिनिटं, रेघ आडवी. माझंच मला हसू आलं, असल्या संशयाला काय औषध!

सहा मिनिटं दहा सेकंद. डोंगर उठला.

पुन्हा घातला. पुन्हा तिथेच.

ताकदीचं औषध नाही ते. आम्हाला रोज सत्तेचाळीस पाजतात. उंदरांवर न झालेला प्रयोग आमच्यावर चालू आहे, आणि आम्ही रांगेत उभं राहून पितो आहोत. कागद फाडून संडासात टाकला.

१९ तारीख, बुधवार

आज पहिल्यांदा नाही गिळलं. तोंडात धरलं, मान हलवली, जिन्याच्या वळणावर रुमालात थुंकले. सर नेहमीसारखे समोर होते. नेहमीपेक्षा क्षणभर जास्त थांबले का? की चोराच्या मनात चांदणं?

२० तारीख, गुरुवार

दुसरा दिवस. शेजारच्याला बाजूला घेऊन सांगून पाहिलं की थेंबांत काय आहे ते मला कळलंय. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, घेत जा, जास्त खोलात शिरू नकोस. म्हणजे यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी पितात!

२१ तारीख, शुक्रवार

ताईकडे जायला चार दिवसांची रजा मागितली. नाही म्हणतील म्हणून तीन बहाणे तयार ठेवले होते. एकही लागला नाही. सर लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, चार कशाला, आठ दिवस राहा. भाचीशी खेळा.

एवढं सहज का?

२२ तारीख, शनिवार, ताईकडे

सुटले. सगळं लिहिते. सकाळी सही करायला सरांच्या खोलीत गेले तर खोली रिकामी आणि कपाट उघडं. माझी फाईल पुढेच होती. विचार केला नाही, स्वेटरखाली खुपसली. पुरावा हवाच. दाजी वकिलाकडे कामाला आहेत, ते बघतील काय करायचं ते.

फाटकापाशी काका धावत आले. हातात छोटी तपकिरी बाटली. ती माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाले, “रोज सकाळी सात. माझ्या लेकीसारखी आहेस, चुकवू नकोस.” डोळे भरले होते त्यांचे. मला शिसारी आली. लेकीसारखी म्हणे, आणि पाजायचं हे! बसथांब्यामागच्या गटारात बाटली पालथी केली, शेवटच्या थेंबापर्यंत.

संध्याकाळी पोचले. चिमणी गळ्यात पडली ती सोडेचना. माझ्याच ताटात जेवली, माझा अर्धा घास काढून खाल्ला, गालाचे दहा-बारा पापे घेतले. आता माझ्याच कुशीत झोपली आहे. फाईल उद्या सकाळी.

२३ तारीख, रविवार

फाईल वाचली.

पहिल्या पानावर माझा फॉर्म. खाली सरांचं बारीक अक्षर, उतरवून ठेवते:

‘३ तारीख. विषाणू दंडातून दिला. ४ पासून सत्तेचाळीस, रोज सात थेंब. विषाणू मरत नाही, गप्प राहतो. १९ पासून थुंकते. अडवायचं नाही. थेंब थांबल्यावर किती दिवसांत जागा होतो, ते पाहायचं. फोड येण्याआधीच लाळेतून दुसऱ्याला जातो. २१, रजा मागितली. द्यावी. घरात लहान मूल आहे.’

त्या खबरदारीच्या सुईत विषाणू होता. थेंबच मला राखत होते. बाकीचे म्हणूनच मुकाट पितात, आणि मी शहाणी—

मागच्या पानावर आधीच्या मुलीबद्दल, सरांच्याच अक्षरात दोन ओळी. ‘नववा दिवस. घरातले चार. चौघेही.’

पुढे काही नाही.

मी पाचव्या दिवसावर आहे. डाव्या मनगटाला सकाळपासून मुंग्या येताहेत.

२४ तारीख, सोमवार

मागच्या खोलीत कोंडून घेतलंय. ताईला सांगितलं, कांजिण्या असतील, चिमणीला लांब ठेव. खरं सांगायला तोंड उघडत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत फोड, एका रांगेत, आखल्यासारखे. दाजी डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी दारातून पाहिलं, नागीण म्हणाले, मलम दिलं. त्यांचा काय दोष. असला विषाणू त्यांनी कुठे पाहिला असणार!

प्रयोगशाळेत फोन केला. थेंब मागायला काका हवे होते. सरांनी उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, चिमणी कशी आहे.

मी ठेवून दिला. त्यांनी नाव लक्षात ठेवलंय. वयही ठेवलं असेल.

२५, मंगळवार

डावा हात गेला. गरम चहा सांडला, कळलंच नाही. उजव्या हाताची बोटं— पेन दोनदा पडलं.

ताई दाराबाहेर रडते. उघड म्हणते. दाजी म्हणतात दार तोडू. नको. नको म्हणून ओरडले, पण शब्द वेगळाच आला तोंडातून. मलाही कळला नाही.

बुधवार बहुतेक

मान जड. ओळी वर खाली—

दारामागे चिमणी बसली आहे. तिची सावली फटीतून दिसते. गाणं म्हणत होती. मधेच थांबली. म्हणाली, “मावशी, माझ्या हातात मुंग्या येतात. गुदगुल्या होतात बघ.”

हसली.

ताई, हा कागद फटीतून सरकवते. उचलताना रुमाल घे. रडू नकोस, वाच. तुम्हा तिघांनाही हवं आहे ते. प्रयोगशाळा, मागचं दार. सरांना नाही, काकांना गाठ. ते देतील. म्हणावं तुमच्या लेकीने पाठवलंय. सत्तेचाळीस. पाण्यात सात. चिमणीला आजच. कडू आहे, ती थुंकेल, नाक दाबून पाज, रडली तरी. मग रोज. सुट्टी नाही, प्रवास नाही, बरं वाटलं तरी नाही, ती मोठी झाली तरी, तिने का म्हणून विचारलं तरी, ताई, एकही दिवस थांबवू नको, मी थांब