होल्डर बदलला म्हणालो होतो

प्रिय दादा,

तू गेल्याला पाच महिने झाले. आज संध्याकाळी मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या तुझ्या फोटोसमोर काही बोलतील, त्याआधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून लिहितोय.

आपल्या मनीषानं जुनी मोटार घेतली आहे. केजच्या दवाखान्यात पहाटेची पाळी असली की पोरीला अंधारातच निघावं लागतं, आणि दोन दिवसांपासून गाडीचा उजवा दिवा मधेच विझतो. मी म्हणालो, गॅरेजला दाखव. तर म्हणाली, "बाबा म्हणायचे, लाईटीचं काम काकालाच जमतं."

असं कशाला सांगितलंस रे तिला? तुला तर सगळं ठाऊक होतं.

अंगणात बॉनेट उघडलं, बल्ब काढला. मागचा होल्डर वितळून काळा पडला होता. तुझ्या जीपचा होता ना, अगदी तसाच. माझा हात तिथंच थांबला.

त्या दुष्काळात गावची जनावरं चारा छावणीत होती. तिथलं दूध पहाटे शीतकरण केंद्रावर पोचवायचं काम दूध सोसायटीनं तुला दिलं होतं, आणि सोसायटीची जीप आपल्याच दारात उभी असायची. दिवा लुकलुकायला लागला तेव्हा तू मला बजावलं होतंस, "नुसती टेप गुंडाळू नगंस. केजला जा, नवा होल्डर आण."

मी गेलो नाही. ऊन लई होतं, एसटीची वाट बघायचा कंटाळा आला. एवढंच कारण. तार पिळली, टेप गुंडाळली, भिंतीवर उजेड पडला. तू विचारलंस, "बदलला ना?" मी म्हणालो, "बदलला."

दुसऱ्या पहाटे ओढ्याच्या वळणावर टेप तापून सुटली, तार पत्र्याला लागली, फ्यूज उडाला. दोन्ही दिवे एकदम गेले आणि जीप ओढ्यात उलटली. तुझा गुडघा मोडला. सगळ्या गावाचं दूध कोरड्या वाळूत मुरून गेलं.

सोसायटीच्या बैठकीत सचिवांनी विचारलं, "दिवे कुणी बघितलते?" मी दाराशी उभा होतो. तोंड उघडायला मला किती वेळ होता, दादा! तू काठीवर भार देऊन उठलास. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. "मीच बघितलते. चूक माझी हाय." तुझ्या हातची गाडी गेली ती कायमची. पुन्हा कुणी तुला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर एक शिवी तरी द्यायची होतीस. तू गप्प राहिलास, आणि मी ती माफी समजून जगलो.

आज वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला नुसताच बल्ब धरून बसलेला बघून म्हणाल्या, "भाऊजी, बरं वाटंना का?" मग मला राहवलं नाही. टेपेपासून बैठकीपर्यंत सगळं बोललो. मनीषा पायरीवर बसून ऐकत होती.

वहिनींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी त्यांना लई बोलले. निष्काळजी म्हणले, लेकराबाळांचा इचार न्हाई म्हणले. जेवायला बसले की बोलायची. आन् ते मान खाली घालून जेवत हुते."

मी पाया पडायला वाकलो. त्या मागं सरकल्या.

"माझ्या पाया पडून काय हुतंय? ज्या बैठकीत त्यांनी मान खाली घातली, तिथं जाऊन सांगा. अन् आधी पोरीचं काम पुरं करा."

मी केजला जाऊन दोन्ही होल्डर आणले. मनीषा शेजारी उभी राहून प्रत्येक तार बघत होती. टेपचं बंडल तिनं आधीच उचलून ठेवलं होतं. तिचा माझ्यावर विश्वास राहिला नाही, आणि ते बरोबरच आहे. वहिनी घरात होत्या. मी निघालो तरी बाहेर आल्या नाहीत.

दादा, सोमवारी सोसायटीची बैठक आहे. त्या वेळचे निम्मे सभासद अजून हयात आहेत. मी उभा राहून सांगणार आहे की दिवे मी बघितले होते आणि खोटं मी बोललो होतो. वहिनी आल्या तरी सांगेन, नाही आल्या तरी सांगेन. वचन देतो. या वेळी तू मला वाचवायला नाहीस.

तुझा धाकटा,
दिगंबर